लॉ कॉलेजच्या पहिल्या बॅचचं रियुनियन ठरलंय, पहिली बॅच म्हणजे नक्की कोण धरायचं?

दुसरी_रांग

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आमच्या लॉ कॉलेजमधून पहिली बॅच पास होऊन बाहेर पडली त्याला यंदा पन्नास वर्षं होतायत, म्हणून माजी विद्यार्थ्यांचं मोठं रियुनियन ठरलंय आणि त्यात पहिल्या बॅचचा गौरव करायचा असं कमिटीत एकमताने पास झालं. मी स्वतः खूप नंतरच्या बॅचची, पण यादी करायचं काम माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीये.

आत्ता कागदावरचा कार्यक्रम असा, की उद्घाटन, मग प्रमुख पाहुणे, मग आणखी दोन पाहुणे, मग अध्यक्षांचं भाषण, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या बॅचच्या लोकांना एकेक करून स्टेजवर बोलवायचं, सन्मानचिन्ह द्यायचं, फोटो काढायचा आणि खाली सोडायचं. माणशी दीड मिनिट धरलंय. ज्यांच्यासाठी सगळे जमणार त्यांना दीड मिनिट, हे मला पटत नाही.

मागच्या आठवड्यात त्या बॅचमधल्या एका सरांकडे गेले होते, नुसता पत्ता आणि फोन नंबर कन्फर्म करायला, दहा मिनिटांचं काम होतं आणि मी तीन तास बसले. त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी करार कायद्याचं एकच पुस्तक अख्ख्या वर्गात होतं, मग पोरांनी प्रकरणं वाटून घेतली, ज्याने त्याने आपलं प्रकरण वहीत उतरवायचं आणि संध्याकाळी बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. सर म्हणाले, अजूनही 'प्रतिफल'ची व्याख्या आठवली की ती मला माझ्या मित्राच्या आवाजातच ऐकू येते. तो मित्र जाऊन अकरा वर्षं झाली. हे दीड मिनिटात कुठे बसवू मी?

आता खरी अडचण. अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये पहिल्या वर्षाची नावं आहेत ३८, आणि पहिल्या निकालपत्रकात आहेत २९. मधल्या नऊ जणांपैकी काहींनी शिक्षण सोडलं, दोघं नंतरच्या बॅचबरोबर पास झाले, आणि एकजण शेवटच्या वर्षाला असताना गेला. कमिटीचं म्हणणं की पदवी मिळाली तोच पदवीधर, विषय संपला. कायद्याने बरोबरही असेल. पण मला ते रजिस्टर उघडलं की नऊ नावं गाळायला हात होत नाही.

तर तुम्ही कोणी असं रियुनियन केलंय का, किंवा घरातलं कोणी अशा पहिल्या बॅचमध्ये होतं का? पहिली बॅच कोणती धरायची आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी नक्की काय करायचं, मोकळेपणाने सांगा.

जुन्या_फायली

ताई, तुमचा हात थांबतोय ते योग्यच आहे. माझं अर्धं आयुष्य जुनी रजिस्टरं वाचण्यात गेलंय, म्हणून अनुभवाने सांगतो, निकालपत्रक फक्त शेवट सांगतं आणि अ‍ॅडमिशन रजिस्टर सांगतं की दार उघडल्यावर आत कोण आलं. नवीन कॉलेजात, ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, जिथून कोणी वकील होऊन बाहेर पडलेलं नाही, अशा ठिकाणी नाव घालणं हेच मोठं धाडस असतं, पास होणं त्याच्या नंतरचं.

आणि 'पदवी मिळाली तोच पदवीधर' हे वाक्य कायद्याच्या शिक्षणाच्या इतिहासात फार तोकडं पडतं. कॉर्नेलिया सोराबजी घ्या. नाशिकला जन्मलेली मुलगी, १८८९ साली ऑक्सफर्डला गेली, १८९२ साली तिथली बीसीएल म्हणजे कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, अशी परीक्षा देणारी पहिली बाई. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. त्यांना पदवी प्रत्यक्ष हातात मिळाली १९२२ साली. मधली तीस वर्षं काय म्हणायचं त्यांना, पदवीधर की नाही? बेल्वा लॉकवूड यांचंही तसंच, वॉशिंग्टनच्या लॉ स्कूलमध्ये सगळा अभ्यासक्रम पुरा केला तरी डिप्लोमा देईनात, शेवटी त्यांनी १८७३ साली थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना पत्र लिहिलं, कारण ते पदसिद्ध म्हणून त्या संस्थेचेही अध्यक्ष होते, आणि मग डिप्लोमा आला. पुढे याच बाईंनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात उभं राहून युक्तिवाद केला, असं करणाऱ्या त्या पहिल्या.

आपल्याकडचंच बघा, मुंबईत कायद्याचे वर्ग सुरू झाले १८५५ ला आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ ला. म्हणजे शिकणारे आधी आले आणि पदवी देणारं विद्यापीठ नंतर आलं. मग पहिले कोण?

माझं मत असं की कमिटीशी 'पदवीधर' या शब्दावरून भांडू नका, त्यात तुम्ही हराल. कार्यक्रमाचं नाव बदला. 'पहिले पदवीधर' न म्हणता 'पहिल्या वर्गातले विद्यार्थी' म्हणा, ३८ जण आपोआप आत येतात आणि कुठलंही खोटं बोलावं लागत नाही. पास कोण कधी झालं ते नावापुढे लिहायचंच असेल तर लिहा, पण नाव गाळू नका. तो शेवटच्या वर्षाला गेलेला मुलगा, त्याचं नाव त्या दिवशी त्याच्या वर्गमित्रांच्या तोंडून घेतलं गेलं पाहिजे, निवेदकाच्या नाही.

शोधायचं काम राहिलं असेल तर मार्ग सांगतो. विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या छापील याद्या, वकिलीची सनद देणाऱ्या बार कौन्सिलची नोंदवही, कॉलेजचा जुना वार्षिक अंक आणि लायब्ररीचं पुस्तक देण्याघेण्याचं रजिस्टर. शेवटच्याकडे कोणी बघत नाही, पण कोणी कुठलं पुस्तक किती दिवस नेलं ते त्यात असतं, आणि वर्ग सोडून गेलेला माणूसही त्यात सापडतो. मुलींची नावं लग्नानंतर बदललेली असतात, तिथे वडिलांच्या नावावरून आणि मूळ गावावरून शोधावं लागतं.

माईक_जवळ_धरा

आम्ही तीन वर्षांपूर्वी केलंय असं रियुनियन, वेगळं कॉलेज, तिथल्या चुका सांगते म्हणजे तुमच्या वाचतील.

आमच्याकडेही स्टेज, माळ लावल्यासारखे पाहुणे, आणि दिवसभर मागे म्युझिक. सत्तरी पंचाहत्तरीच्या माणसांना काय होतं माहितीये का, वयाबरोबर आधी बारीक पट्टीतले आवाज ऐकू यायचे कमी होतात, त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं पण शब्द लागत नाहीत, आणि त्यात मागे गाणं चालू असलं की संपलंच. आमच्या पहिल्या बॅचमधले दोन काका पन्नास वर्षांनी शेजारी शेजारी बसले होते आणि दोघंही नुसते मान हलवत होते, मी बघत होते, माझ्या लक्षात आलं तोवर दुपार झाली होती. मग मी साउंडवाल्याला जाऊन ते बंद करायला लावलं आणि पाचच मिनिटांत ते दोघं असे काही बोलायला लागले की थांबेचनात. त्यामुळे पहिली गोष्ट, म्युझिक नको. दुसरी, खुर्च्या रांगेत नको, सहा सहाच्या गोलात, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा, कारण ऐकू कमी आलं की माणूस ओठ बघून समजतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आठवणी त्या दिवशी रेकॉर्ड करायला जाऊ नका, त्या दिवशी गर्दी असते, माणूस दमलेला असतो, भरून आलेलं असतं. आधी घरी जा. एकेकट्याला भेटा. मोबाईल चालतो पण माईक तोंडाजवळ हवा, लांब टेबलावर ठेवलेल्या मोबाईलमध्ये पंखाच जास्त ऐकू येतो. दीड तासाच्या वर बसू नका, परत जा हवं तर. आणि रेकॉर्डिंग त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा, आमचं एक गेलं, आणि ज्या मॅडमचं गेलं त्या आता नाहीत. हे मी अजून विसरलेले नाही.

प्रश्न कसे विचारायचे तेही सांगते. 'कॉलेजचा अनुभव कसा होता' असं विचारलं की सगळे 'फार छान' म्हणून थांबतात. नेमकं विचारायचं. वर्ग कुठल्या खोलीत भरायचा, तुम्ही कुठल्या बाकावर, शेजारी कोण, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या कोर्टात, पहिल्यांदा उभं राहिलात तेव्हा केस काय होती, पहिलं वकीलपत्र कोणाचं घेतलं, पहिली केस हरलात तेव्हा अशिलाला काय सांगितलंत. हरलेल्या केसबद्दल वकील जसं सांगतात तसं जिंकलेल्या केसबद्दल नाही सांगत, हे मला तेव्हा कळलं.

एक काळजी घ्या मात्र. अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित केस संपली म्हणून किंवा वकील रिटायर झाला म्हणून मोकळं होत नाही, ते तसंच राहतं. जुने वकील स्वतःच फार जपतात, पण बोलण्याच्या ओघात एखादं नाव येतं. रेकॉर्डिंग कुठे लावणार, कोण ऐकणार ते आधी सांगा, लेखी परवानगी घ्या, आणि झाल्यावर त्यांना पुन्हा ऐकवून काय काढायचं ते विचारा. आमच्याकडे एका सरांनी पूर्ण वीस मिनिटं काढायला लावली आणि आम्ही काढली.

स्टेजबद्दल मात्र थोडं वेगळं सांगते. सगळ्यांना स्टेज नकोसं असतं असं नाही. काहींना आयुष्यात कधीच कोणी टाळ्या वाजवून बोलावलेलं नसतं, छोट्या कोर्टात चाळीस वर्षं काढलेली असतात, त्यांना त्यांच्या नातवंडांसमोर स्टेजवर जायचं असतं आणि त्यात काही वावगं नाही. तेव्हा स्टेज ठेवा, पण पाहुण्यांची भाषणं अर्ध्यावर आणा. प्रमुख पाहुणे हे पहिल्या बॅचचेच असू द्या ना.

आईची_मुलगी

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझी आई एका लॉ कॉलेजच्या पहिल्या बॅचमध्ये होती. वर्गात दोन मुली, त्यातली एक ती. पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. सनद घेतली नाही. कारणं घरची होती, त्यात आत्ता जात नाही. पुढे आयुष्यभर तिने आजूबाजूच्या लोकांचे अर्ज लिहून दिले, भाडेकरूंना नोटिशीचं उत्तर कसं द्यायचं ते सांगितलं, बायकांना मृत्युपत्राचा अर्थ वाचून समजावला, एक पैसा न घेता, आणि कोणी विचारलं 'तुम्ही वकील आहात का' तर म्हणायची, नाही, मी कायदा शिकले आहे.

तिच्या कॉलेजने असाच कार्यक्रम केला आणि आमंत्रण पाठवलं ते फक्त वकिली करणाऱ्यांना आणि न्यायाधीश झालेल्यांना. यादी सनदेच्या नोंदीवरून केली होती. आईला दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो बघून कळलं. ती काही बोलली नाही. तो फोटो तिने बराच वेळ हातात धरला आणि एकेक चेहरा ओळखून मला नाव सांगत बसली. सगळी नावं बरोबर सांगितली.

म्हणून जुन्या_फायली यांनी बार कौन्सिलची नोंदवही बघा म्हटलंय ते ठीक, पण ती एकटीच बघू नका. ज्यांनी कधी काळा कोट घातला नाही तेही त्या वर्गात होते. बायकांच्या बाबतीत तर हे फार जपून करा, कारण शिकायला मिळालं पण उभं राहू दिलं नाही ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. रेजिना गुहांकडे कायद्याची पदवी होती, १९१६ साली कलकत्ता हायकोर्टाने त्यांना बाई म्हणून वकिली नाकारली. सुधांशुबाला हाजरांना १९२१ ला पाटण्याला तेच उत्तर मिळालं. १९२३ चा कायदा झाला तेव्हा कुठे बाई आहे एवढ्याच कारणावरून अडवणं बंद झालं. माझ्या आईला कुठल्या कोर्टाने अडवलं नव्हतं, घराने अडवलं. यादीत मात्र दोन्ही सारखंच दिसतं, नाव नसतं.

तुमच्या त्या नऊ जणांत मुली किती आहेत बघा हो.

दुसरी_रांग

आईची_मुलगी, तुमचं वाचून लगेच रजिस्टर परत उघडलं. वर्गात एकूण पाच मुली होत्या. निकालात दोन आहेत. म्हणजे नऊपैकी तीन मुली. मी हे आधी मोजलंच नव्हतं, नुसते नऊ म्हणत होते.

त्या तिघींना मी शोधणार, कमिटी काही म्हणो. माईक_जवळ_धरा, तुमच्या सगळ्या सूचना उतरवून घेतल्यात. पण घरोघरी जायला माणसं कुठून आणू? कमिटीत आम्ही सहा जण, सगळ्यांची कोर्टं चालू असतात. आणि ज्यांच्या घरी आता फक्त मुलं सुना आहेत तिथे जाऊन काय मागायचं, फोटो सोडून?

थर्ड_इयर

मी आत्ता लॉ करतोय, तिसऱ्या वर्षाला. माणसं कुठून आणू म्हणताय, आम्ही आहोत ना. सगळ्या कॉलेजांत आमच्यासारखे शंभर जण असतात ज्यांना खरी केस कशी चालते ते ऐकायचं असतं आणि कोणी सांगत नाही. दोघा दोघांची जोडी करून एकेका सरांकडे मॅडमकडे पाठवा. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा हे आम्ही शिकतोच, इथे उलटतपास नाही फक्त ऐकून घ्यायचंय, त्याचाही सराव होईल.

विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर काय होतं त्याची दोन उदाहरणं मला माहिती आहेत. हाँग येन चांग म्हणून होते, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून लॉ केलं, १८९० ला कॅलिफोर्नियाने चिनी म्हणून वकिली नाकारली. तिथल्याच यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधल्या विद्यार्थ्यांनी ते प्रकरण पुन्हा वर काढलं आणि २०१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना मरणोत्तर बारमध्ये, म्हणजे अधिकृत वकिलांत, घेतलं. सव्वाशे वर्षांनी. दुसरे ताकुजी यामाशिता, हे तर तुमच्या विषयाच्या अगदी जवळचे, कारण वॉशिंग्टन विद्यापीठाचं लॉ स्कूल सुरू झालं १८९९ ला आणि ते पास झाले १९०२ ला, म्हणजे सुरुवातीच्याच विद्यार्थ्यांपैकी. बारची परीक्षा पण पास झाले. पण जपानी माणसाला तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नव्हतं आणि नागरिक नाही तर वकिली नाही असा निकाल आला. २००१ ला त्यांना मरणोत्तर सन्मानाने बारमध्ये घेतलं. शंभर वर्षांनी जर करता येतं तर तुमचे तर अजून हयात आहेत सर.

आणि फोटो सोडून काय मागायचं म्हणाल तर वह्या मागा. अमेरिकेत लिचफिल्डला टॅपिंग रीव्ह नावाच्या वकिलाने १७७३ च्या सुमारास मुलांना कायदा शिकवायला सुरुवात केली, १८३३ ला ते बंद झालं. पदवी द्यायचेच नाहीत तिथे. शिकणारा लेक्चर ऐकायचा, उतरवायचा, नंतर स्वच्छ अक्षरात पक्की वही करायचा, आणि ती वही घेऊन वकिलीला लागायचा. आज त्या शाळेत काय शिकवलं जायचं हे आपल्याला कळतं ते त्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. तुमच्या सरांच्या वर्गात तर सगळ्यांनी एकेक प्रकरण हाताने उतरवलं होतं म्हणताय. त्या वह्या अजून कोणाच्या तरी माळ्यावर असणार. सगळ्या जमल्या तर ते अख्खं पुस्तक परत उभं राहील, प्रत्येक प्रकरण वेगळ्या अक्षरात. मला नुसतं लिहितानाच काटा आला अंगावर.

बाक_क्रमांक_चार

मी क्वचितच लिहितो, टायपिंगला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या. मी स्वतः एका लॉ कॉलेजच्या पहिल्या बॅचचा आहे. वय आता ७४. आमचाही असा कार्यक्रम झाला होता म्हणून आमच्या बाजूने काय वाटतं ते सांगावं म्हटलं.

पहिली बॅच असण्याचा अर्थ लोकांना वाटतो मान. तो मान आज आहे. तेव्हा अर्थ होता की आमच्या पुढे कोणी नव्हतं. सिनियर नाहीत. जुने पेपर नाहीत. परीक्षेत काय येतं विचारायला माणूस नाही. पास झाल्यावर ज्याच्या चेंबरला जावं असा आपल्या कॉलेजचा एकही वकील कोर्टात नाही. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली बॅच १९८८ ला बसली आणि १९९३ ला बाहेर पडली, पाच वर्षांचा कोर्स, म्हणजे पाच वर्षं ती मुलं स्वतःच स्वतःची सिनियर. त्यांचं वाचलं तेव्हा मला आपलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं, जरी आमचं कॉलेज कितीतरी जुनं आणि साधं. आम्हाला कोर्टात विचारायचे, कुठून केलं, नाव सांगितलं की परत विचारायचे, कुठून? त्या दुसऱ्या 'कुठून'ला उत्तर द्यायला आम्हाला दहा वर्षं लागली. पुढच्या बॅचेसना ते द्यावं लागलं नाही. आमचं काम झालं असेल तर ते एवढं.

त्या दिवशी मला काय हवं होतं सांगतो. सन्मानचिन्ह दिलं, चांगलं होतं, कपाटात आहे. पण मला हवी होती ती खोली. वर्ग भरायचा ती. इमारत बदलली होती पण मागची जुनी खोली होती, स्टोअर रूम केलेली, कुलूप होतं. मी चावी मागितली, कार्यक्रमाच्या गडबडीत कोणाला सापडली नाही, त्यांचाही दोष नाही, आधी कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सात जण त्या दाराबाहेर उभे राहिलो आणि दारावरूनच ठरवत बसलो की आत कोण कुठे बसायचा. माझा चौथा बाक, खिडकीकडचा. खिडकीतून दुपारी ऊन पानावर यायचं म्हणून मी डाव्या हाताने सावली धरून लिहायचो.

तेव्हा बाई, तुम्ही चावी आधी शोधून ठेवा. हजेरी घ्या. पहिल्या दिवशीच्या हजेरीपटाप्रमाणे, सगळी अडतीस नावं, त्याच क्रमाने. जे आहेत ते 'हजर' म्हणतील. जे नाहीत त्यांच्या नावाला त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने उभं राहायचं. याला स्टेज लागत नाही, माईक लागत नाही, वीस मिनिटं लागतील.

आणि एक विसरू नका. आमच्या कॉलेजात ऑफिसमध्ये एक क्लार्क होते आणि लायब्ररीत एक मदतनीस. प्राध्यापक अर्धवेळ, कोर्ट सुटलं की यायचे, कधी यायचे नाहीत. ते क्लार्क मात्र रोज असायचे. परीक्षेचा फॉर्म कसा भरायचा, फी भरायला मुदत कशी मागायची, हे त्यांनी शिकवलं, मी आयुष्यात पहिला अर्ज लिहिला तो त्यांनी दुरुस्त करून दिलेला, लाल शाईने. कार्यक्रमात त्यांचं नाव कोणीच घेतलं नाही, मीही नाही, माझी दोन मिनिटं संपली होती. तुमच्या त्या वर्षीच्या पगारपत्रकात अशी नावं असतील. त्यांच्या घरी पण जा.

जुन्या_फायली

सर, नमस्कार. हजेरीची कल्पना मी माझ्याकडे लिहून ठेवली. ताई, पगारपत्रक न सापडल्यास कॉलेजच्या सुरुवातीच्या कॅशबुकात बघा, तिथे नावाने पगार दिल्याच्या नोंदी असतात, सहीसकट.

दुसरी_रांग

सर, तुमचा मेसेज मी कालच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत कोणी मधे बोललं नाही. तीन पाहुण्यांचं एक केलं, आणि ते एक म्हणजे ज्या सरांकडे मी तीन तास बसले होते ते. हजेरी घ्यायची ठरली. आमची जुनी खोली आता रेकॉर्ड रूम आहे, चावी ऑफिसात आहे, मी स्वतः हातात घेऊन बघितली आणि आत जाऊन खिडकी उघडते का तेही बघितलं. उघडते. बाक नवीन आहेत पण तेवढेच मावतात.

३८ नावांवर वाद झाला, खोटं कशाला सांगू. एका सिनियर सरांचं म्हणणं होतं की ज्यांनी मेहनत करून पदवी घेतली त्यांच्यावर हा अन्याय आहे. ते सर फार भले आहेत, त्यांचा मुद्दा मी नीट ऐकून घेतला. मग त्यांना म्हटलं की ज्यांना पदवी मिळाली त्यांनाच विचारू या का? तिथल्या तिथे चार जणांना फोन लावला, स्पीकरवर. चौघांनीही आधी त्या नऊ जणांचीच चौकशी केली, अमका भेटला का, तमकी कुठे असते. त्यानंतर वाद राहिला नाही. थर्ड_इयर, तुझ्यासारखे आमच्याकडचे बावीस जण तयार झालेत, पहिल्या चार भेटी या रविवारी आहेत, आणि तीन वह्या सापडल्या आहेत, त्यातल्या एकीचं पहिलं पान गेलंय पण बाकी शाबूत.

त्या तिघी मुलींपैकी एकीचा पत्ता लागला नाही अजून. एक गेल्या वर्षी गेल्या, त्यांची मुलगी येणार आहे. तिसऱ्यांना आज दुपारी फोन लागला. मी कॉलेजचं नाव सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांत होतं, मला वाटलं कट झाला. मग त्या म्हणाल्या, अहो पण तुमची काहीतरी चूक झालीये, मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, माझं नाव निकालात नाहीये. मी म्हटलं, निकालात नाही मॅडम, पण पहिल्या दिवशीच्या रजिस्टरात आहे, माझ्यासमोर उघडं आहे ते, तुमची सही पण आहे, सातवं नाव.

त्या म्हणाल्या, सातवं? मला वाटत होतं आठवं.